मोठी देग आणि लहान आच

नान-खलियाची चव देगेत असते, असं आपल्याकडे मानलं जातं. खुलताबादच्या उरुसात विचारा, छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात विचारा, नाहीतर गावाकडच्या लग्नाच्या मांडवात विचारा. उत्तर जवळपास एकच मिळतं. भांडं तांब्याचंच पाहिजे, जितकं जाड आणि जितकं मोठं तितकं चांगलं. खाली बाभळीच्या लाकडांचा जाळ पाहिजे. लाकूड मिळालंच नाही, तर निदान बाजारातली सर्वांत जबर गॅसभट्टी पाहिजे. या समजुतीवर विसंबून कितीतरी कुटुंबं, दर्ग्या-मशिदींच्या कमिट्या आणि भंडारा घालणारी मंडळं कामाला न जुळणारं भांडं घेतात, त्याहून न जुळणारी भट्टी घेतात आणि रस्सा बिघडला की खापर गॅसवर फोडतात. माझं म्हणणं असं आहे की शेकडो पानांच्या स्वयंपाकाची भट्टी तिच्या लहान आचेवरून पारखावी. देग पारखावी ती तिच्या तळावरून आणि तोंडापाशी उरणाऱ्या रिकाम्या जागेवरून. धातूचा विचार त्यानंतर येतो.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचं खंडन फुकट जातं, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण बळानिशी सांगतो. पहिला आधार इतिहासाचा. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लवाजम्याबरोबर हे जेवण इकडे आलं. जमिनीत खणलेल्या तंदुरांत नान आणि मोठाल्या देगांत खलिया, अशी लष्कराची सोय व्हायची, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खुलताबाद तर त्याच्याही आधीपासून चिश्ती सूफींचं ठाणं. जर जरी जर बक्ष म्हणून ओळखले जाणारे मुंतजिबुद्दीन यांचं निधन १३०९ मधलं, बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं १३३७ मधलं. चिश्ती खानकाह म्हटली की लंगर आला आणि लंगर आला की देग आली. दुसरा आधार धातूचा: तांबं लवकर तापतं, त्याची चव उतरते, ते शरीराला चांगलं. तिसरा धुराचा: लाकडाच्या धुराशिवाय रश्शाला वास येत नाही. चौथा आकाराचा: एकाच मोठ्या देगेत शिजलं की सगळ्या पंगतीला एकच चव मिळते, आणि देग जितकी मोठी तितकं अन्न चांगलं मुरतं. या चौथ्या मुद्द्यावर अजमेरचं नाव हमखास निघतं. तिथल्या दर्ग्यात अकबरानं दिलेली मोठी देग आहे आणि जहांगीरानं दिलेली तिच्याहून लहान. जहांगीर १६१३ ते १६१६ या काळात अजमेरला मुक्कामाला होता, तेव्हा त्यानं ती आग्र्याला घडवून आणवली आणि तिच्यात शिजलेलं अन्न गोरगरिबांना वाढलं.

इतिहासाचं उत्तर थोडक्यात देता येतं. आज ज्या लाल तर्रीवरून आपण खलिया ओळखतो, ती लाल मिरची अमेरिका खंडातली. ती हिंदुस्थानात आली पोर्तुगीजांच्या मागून, म्हणजे १४९८ नंतर. शेंगदाण्याचं तेलही त्याच खंडाचं देणं. तुघलकाच्या लष्करानं जे काही खाल्लं असेल ते आजच्या खलियासारखं दिसतही नसणार. म्हणजे या पदार्थानं आपलं तिखट बदललं, तेल बदललं, रंग बदलला, आणि तरीही तो इथल्या लोकांचा राहिला. ज्यानं एवढं पचवलं त्याला जाळाचा प्रकार बदलल्यानं बाधा येते, असं म्हणायला इतिहासाचा आधार पुरत नाही. अजमेरचा दाखला तर इथे लागूच पडत नाही. तिथल्या देगेत तांदूळ, साखर, तूप, सुका मेवा असं गोड शिजतं, मांस शिजत नाही. आणि तिथे भव्यता हा नवसाचा आणि दानाचा भाग आहे. त्या आकाराचा मान ठेवूनही म्हणावं लागतं की दानाचं माप आणि स्वयंपाकाचं माप यांचा हिशेब वेगळा.

आता धातू. तांब्याच्या देगेला आतून कल्हई असते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं, ही कल्हईवाल्याची रीत आपल्या घरांनी काल-परवापर्यंत पाहिली आहे. नीट कल्हई केलेल्या देगेत रश्शाचा स्पर्श तांब्याला होतच नाही, तो होतो कथलाला. मग तांब्याची चव उतरते कुठून? ती खरोखरच उतरत असेल तर कल्हई झिजली आहे, आणि दह्याच्या, टोमॅटोच्या, चिंचेच्या आंबटपणानं तांब्याचे क्षार अन्नात मिसळत आहेत. त्यानं मळमळतं, उलट्या होतात. ज्याला गुण म्हणून मिरवलं जातं, तीच कल्हईवाल्याला बोलावण्याची निकडीची खूण आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, हेही लक्षात घेण्यासारखं. रिकाम्या किंवा नुसत्या तेलाच्या देगेखाली भडका जाळ घातला की कल्हई विरघळायला वेळ लागत नाही. जुने बावर्ची मसाला भाजताना आच आवरून धरायचे, त्यामागे चवीइतकाच कथलाचा धाकही असणार असं मला वाटतं.

तांब्यात लवकर उकळतं, हेही पडताळून पाहिलं तर टिकत नाही. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं, यात वाद नाही. स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट. अॅल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मल, तांब्याच्या साधारण निम्मं. पितळ तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पण पाणी उकळवताना उष्णतेचा अडसर धातूत नसतोच. तो असतो ज्वाळेच्या आणि तळाच्या मधल्या गरम हवेच्या पातळ थरात. तो थर ओलांडून उष्णता तळाला पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्यापुढे तीन मिलिमीटर तांबं ओलांडायचं की तीन मिलिमीटर जर्मल, यानं काही फरक पडत नाही. सारख्याच आकाराच्या दोन भांड्यांत सारखंच पाणी सारख्याच ज्वाळेवर ठेवलं तर दोन्हींना उकळी जवळपास एकाच वेळी फुटते.

तांब्याचा खरा गुण निराळा आहे, आणि तो मी मोकळेपणानं मान्य करतो. तांबं उष्णता आडवी पसरवतं. ज्वाळा तळाच्या एका कड्यावर लागत असली तरी तिची धग आजूबाजूला वाटली जाते. कांदा, खोबरं, खसखस यांचं वाटण तेलात परततानाच्या टप्प्यावर हा गुण लाखमोलाचा, कारण तेव्हा भांड्यात धग वाटून घ्यायला पाणी नसतं. पातळ पत्र्याच्या स्टीलच्या पातेल्यात नेमकं इथेच करपतं. ज्वाळेचं कडं जिथे लागलं तिथे वाटणाचा काळा गोल उमटतो. पण हा गुण जाड तळाच्या जर्मललाही आहे, आणि अॅल्युमिनियमची जाड चकती तळात दाबून बसवलेल्या स्टीलच्या पातेल्यालाही. शिवाय तो गुण तळाचा आहे, सबंध भांड्याचा नाही. बाजूच्या भिंती जाड असून रश्शाला काही मिळत नाही. मोठी भांडी बाजारात वजनावर विकली जातात, म्हणून जड भांडं म्हणजे चांगलं भांडं असं घेणाऱ्याच्या मनात ठसतं. वजन तळाला आहे की भिंतींना, हे बोटांनी वाजवून आणि काठावरून पाहून घ्यायला हवं. साध्या जर्मलच्या भांड्यात आंबट रस्सा फार वेळ ठेवू नये, एवढी त्याची मर्यादा; आंबटानं तो धातू काळवंडतो आणि रश्शाला धातूची चव येते.

धुराबद्दल अर्धं खंडन आणि अर्धं मंडन करावं लागतं. मसाला परतताना देगेचं तोंड उघडं असतं, तेव्हा लाकडाचा धूर थोडाफार आत उतरतो, हे खरं. पण खलियाचा बहुतेक वेळ झाकणाखाली जातो. झाकणाच्या कडेला कणीक लिंपली की धूर देगेच्या अंगाखांद्यावरून वर निघून जातो. तो आत शिरत नाही, बावर्च्याच्या छातीत शिरतो. तासन्‌तास त्या धुरात उभ्या राहणाऱ्या माणसाचे डोळे आणि त्याचा खोकला आपण चवीच्या हिशेबात धरतच नाही, याचं मला वाईट वाटतं. मग लाकडावरचा खलिया खरंच चांगला लागतो, तो कशामुळे? माझं उत्तर: निखाऱ्यांमुळे. उकळी फुटली की जाणता बावर्ची लाकडं बाहेर ओढून घेतो, निखारे तळाखाली पसरतो, त्यांतले थोडे झाकणावर ठेवतो आणि देगेला हात लावत नाही. बाभळीचा निखारा दमदार. तासभर धग धरून हळूहळू उतरत जातो. म्हणजे लाकडाच्या चुलीत दोन वेगवेगळ्या भट्ट्या असतात, एक जाळाची आणि एक निखाऱ्यांची, आणि पहिलीतून दुसरीत जाणं आपोआप घडतं. लोकांनी श्रेय दिलं धुराला. ते होतं या उताराचं.

हाच उतार गॅसभट्टीत मिळत नाही, आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

हिशेब करून पाहू. मांस आणि रस्सा मिळून शंभर लिटरची देग धरू, म्हणजे तीनशेच्या आसपास पानं. खुलताबाद समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यानं इथे पाणी शंभर अंशांना नव्हे, सुमारे ९७ अंशांना उकळतं. सुरुवातीला ते २७ अंशांवर असेल तर ७० अंश चढवायचे आहेत. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. शंभर लिटरचे झाले २९ हजार किलोज्यूलच्या वर. पाऊण तासात उकळी हवी असेल तर देगेला दर क्षणी अकरा किलोवॅट मिळाले पाहिजेत. उघड्यावरच्या भट्टीची निम्म्याहून जास्त धग देगेला न लागता वर निघून जाते. म्हणून भट्टी हवी चोवीस किलोवॅटच्या आसपासची, जी तासाला जवळजवळ दोन किलो गॅस खाते. इथपर्यंत पूर्वपक्षाचं बरोबर आहे. जबर भट्टी लागतेच.

पण उकळी फुटल्यावर काय? झाकण लावलेली, साठेक सेंटिमीटर रुंदीची ती देग आपल्या अंगावरून बाहेरच्या हवेला जेमतेम एक किलोवॅट उष्णता देते. तेवढीच खालून भरून दिली की रस्सा उकळीच्या काठावर स्थिर राहतो. एक किलोवॅट देगेत पोचवायचा तर भट्टी दोन-अडीच किलोवॅटवर उतरली पाहिजे, म्हणजे तिच्या पूर्ण जोराच्या एकदशांशावर. बाजारातल्या कितीतरी जबर भट्ट्या एवढ्या खाली उतरतच नाहीत. कॉक आणखी फिरवला की ज्वाळा फडफडते, वाऱ्याच्या झुळकीनं विझते किंवा फट्‌ आवाज करून बर्नरच्या पोटात जाऊन पेटते. मग बावर्ची ती तिसऱ्या हिश्शावर ठेवतो, कारण तिथेच ती सुखानं जळते. तिसऱ्या हिश्शावर देगेत जातात साडेतीन किलोवॅट. एक कामाला येतो, अडीच उरतात. त्या अडीच किलोवॅटचं पाणी वाफ होऊन उडतं, तासाला चार लिटर. तीन तासांत बारा लिटर. रस्सा आटतो, तळाला लागतो, म्हणून वरून पाणी ओततात. पाणी ओतलं की चव पातळ होते, म्हणून मीठ-मसाला वाढवतात. आणि जेवणारा म्हणतो, गॅसवरचा खलिया फिकाच लागतो. तो खोटं बोलत नाही. कारण मात्र गॅस नाही, चार लिटरची ती वाफ आहे.

यात भर पडते ती भडका आच म्हणजे लवकर शिजणं या समजुतीची. रस्सा एकदा उकळला की त्याचं तापमान ९७ अंशांच्या वर जात नाही, मग खाली कितीही जाळ घाला. जास्तीचा जाळ वाफ करतो, मांस शिजवत नाही. मांसातल्या चिवट शिरांचं आणि पडद्यांचं हळूहळू सरस होतं, त्यामुळे बोटी मऊ पडते आणि रश्शाला अंग येतं. या कामाला ८५-९० अंशांवरचे दोन-तीन तास पुरतात. ते उकळण्यानं होत नाही, वेळेनं होतं. उलट खळखळाटानं दोन नुकसानं होतात. बोटी एकमेकींवर आपटून फुटतात. आणि वर तरंगायला हवी ती लाल तर्री रश्शात घुसळली जाऊन त्याचा गढूळ, तांबूस-पांढरट काला होतो. ज्या माणसाला तर्री स्वच्छ, वेगळी, काचेसारखी हवी आहे, त्यानं सर्वांत आधी खळखळाट थांबवला पाहिजे.

मोठ्या आचेचा आग्रह कुठे योग्य ठरतो, तेही सांगायला हवं. नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. गुऱ्हाळात बघा. शंभर किलो रसातून अठरा-वीस किलो गूळ निघतो, बाकीचं बहुतेक पाणी उडवायचं असतं. म्हणून काहील पसरट, उथळ, तोंडानं सताड उघडी, आणि चुलाणात चिपाडाचा अखंड जाळ. तिथे जोर हाच गुण. दुसरं उदाहरण आपल्या वाळूजमधल्या बिअरच्या कारखान्यांचं. बिअरसाठी माल्टचा गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर तास-दीड तास खळाळून उकळावा लागतो. त्या उकळीतच हॉप्सचा कडवटपणा काढ्यात उतरतो, प्रथिनं गोळा होऊन तळाशी बसतात आणि शिजक्या मक्यासारखा वास देणारं गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जातं. म्हणून तिथे झाकण लावून उकळणं ही चूक. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरगुती बिअर करायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून तिथले हौशी लोक घराच्या अंगणात मोठी भांडी आणि मोठे बर्नर मांडून हा उद्योग करतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय तो करता येत नाही. पण त्या लोकांची भांड्याची पारख आपल्या उपयोगाची आहे. वीस लिटर बिअर करायची तर ते तीस-चाळीस लिटरचं भांडं घेतात, कारण पहिल्या उकळीला प्रथिनांचा फेस उसळून उतू जातो हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं.

मटणाच्या रश्शालाही पहिल्या उकळीत असाच फेस येतो, आणि आपण मात्र देग गळ्यापर्यंत भरतो. शंभर लिटरची देग म्हणून विकत घेतली, तिच्यात शंभर लिटर घातलं. फेस उतू गेला, ज्वाळेवर पडला, बर्नरची भोकं बुजली, आणि त्या दिवसापासून भट्टी पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वाळेनं जळू लागली. शंभर लिटर शिजवायचं असेल तर भांडं एकशेतीस ते दीडशे लिटरचं हवं. एवढं मोठेपण मला मान्य आहे. रिकाम्या जागेचं मोठेपण कामाचं असतं.

त्यापुढचं मोठेपण कामाचं नाही. भांड्याची लांबी-रुंदी-खोली दुप्पट केली तर त्यात मावणारा रस्सा आठपट होतो, पण ज्वाळा घेणारा तळ चौपटच होतो. तेवढ्याच दाट ज्वाळेवर उकळी यायला मग दुप्पट वेळ लागतो. त्या वेळात तळचं शिजून जातं आणि वरचं अजून कोमट असतं. ढवळायला जावं तर कफगीर तळापर्यंत पोचत नाही, पोचलाच तर बोटी मोडतो. सहाशे पानं असतील तर तीनशे लिटरच्या एका देगेपेक्षा दीडशे-दीडशेच्या दोन देगा घ्याव्यात. सगळ्या पंगतीला एकच चव मिळावी हा आग्रह रास्त आहे, आणि त्याचा उपायही सोपा आहे: मसाला एकाच वेळी, एकाच ठिकाणी भाजून वाटून घ्यायचा आणि वजन करून दोन्ही देगांत सारखा घालायचा. चव वाटणात असते. ती एकाच भांड्यात कोंडून ठेवायची गरज नाही.

मोठी देग ऊब फार वेळ धरते, हा तिचा खरा गुण. आच बंद केल्यावर मुरण्याचं काम ती फुकटात करते आणि गॅस वाचवते. पण पंगती उठल्यावर हाच गुण घात करतो. शंभर लिटरची भरलेली देग ६० अंशांवरून ३० अंशांवर यायला, नुसती झाकून ठेवली तर, पंधरा तासांहून जास्त घेते; अर्धी उरली असली तरी रातभर कोमट राहते. उकळीतूनही तगणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात आणि कोमट, दाट मांसरस्सा हीच त्यांची आवडती जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला खलिया वाटला जातो आणि दुपारी मुलांची पोटं बिघडतात, तेव्हा दोष मटणवाल्याला दिला जातो. उरलेला रस्सा रात्रीच उथळ पराती-पातेल्यांत काढून गार करायला हवा, आणि सकाळी खळाळून उकळल्याशिवाय वाढू नये. लहान देगा असतील तर एक संपते, दुसरीतलं उरतं, आणि उरलेलं आवाक्यात राहतं.

मंडळींच्या जिवाशी संबंध असलेली आणखी एक गोष्ट. देगेसाठी खणलेला जुना चर तयार असतोच, म्हणून त्यातच गॅसची भट्टी उतरवायची, असं मी अनेक ठिकाणी पाहतो. हे करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, चरात साचून बसतो, आणि पुढची काडी ओढणारा माणूस त्या चरावर वाकलेला असतो. लाकडाच्या चुलीसाठी चर चांगला, कारण तो वारा अडवतो. गॅसची भट्टी सपाट जमिनीवर, भक्कम तिवईवर हवी. खुलताबादच्या डोंगरमाथ्यावर वारा असतोच, तो अडवायला भट्टीभोवती पत्र्याचं कडं लावावं. पण खालून हवा जायला जागा ठेवावी आणि टाकी त्या कड्याच्या बाहेर, लांब, उभी ठेवावी. या एका पत्र्यानं जेवढा गॅस वाचतो तेवढा महागड्या बर्नरनं वाचत नाही. तासाला दोन किलोचा उपसा एकाच टाकीतून बराच वेळ केला तर टाकी गार पडते, तिच्या अंगावर दव धरतं आणि गॅसचा जोर उतरतो. थंडीच्या दिवसांत दोन टाक्या जोडून घेणं बरं. नळी आणि रेग्युलेटर भट्टीच्या जातीला जुळणारेच हवेत. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर मोठ्या भट्टीला लावायचा नाही.

देगेच्या तळाचा आकारही इथे आडवा येतो. जुन्या देगेचा गोल तळ तीन दगडांवर किंवा चराच्या काठावर उत्तम बसतो, आणि ज्वाळा त्याला चहूबाजूंनी चाटते. तीच देग सपाट तिवईवर ठेवली की डगमगते आणि ज्वाळेचं कडं फक्त मधल्या पोटाला लागतं. घराण्यातून आलेली देग वापरायचीच असेल, आणि ती टाकून द्यावी असं मी मुळीच म्हणत नाही, तर तिच्या पोटाच्या मापाचं लोखंडी कडं घडवून घ्यावं, आणि दरवर्षी मोठ्या कामाआधी कल्हई करून घ्यावी. कल्हई करणारी माणसं दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. ज्यांच्याकडे तांब्याची देग आहे त्यांनी त्या कारागिराला वेळेवर बोलावणं आणि योग्य मोल देणं, हाच त्या देगेचा खरा मान. नवीन घेणाऱ्यानं मात्र सपाट, जाड तळाचं, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेलं, भक्कम कड्यांचं भांडं घ्यावं आणि तांब्यावर वाचलेला पैसा भट्टीवर घालावा.

भट्टी घ्यावी ती दोन कड्यांची, आतलं कडं वेगळ्या कॉकवर आणि बाहेरचं वेगळ्या कॉकवर. उकळी येईपर्यंत दोन्ही चालू. उकळी आली की बाहेरचं बंद, आतलं मंद. शंभर लिटरची कढत देग उचलून दुसऱ्या शेगडीवर नेण्याचा धोका त्यानं टळतो, आणि लाकडाच्या चुलीत निखारे जे काम करायचे ते काम आतलं कडं करतं. कोंबडी असो, मटण असो, की भद्रा मारुतीच्या भंडाऱ्यातलं वरण असो, या भट्टीचा उपयोग सारखाच. वरण तर खलियाहून लवकर तळाला लागतं.

दुकानात भट्टी पेटवून दाखवतात ती पूर्ण जोरात. निळा फणा, मोठा आवाज, आणि घेणारा खूश होतो. तिथेच थांबू नये. बाहेरचं कडं बंद करायला सांगावं, आतल्याचा कॉक जितका खाली जाईल तितका नेऊन दहा मिनिटं तसाच ठेवायला सांगावं आणि शेजारी पंखा लावायला सांगावा. एवढ्या वेळात ज्वाळा विझली नाही, पिवळी पडली नाही, आत जाऊन पेटली नाही, सगळ्या भोकांतून सारखी निळी जळत राहिली, तर ती भट्टी घ्यावी. विझली तर पूर्ण जोरात ती कितीही दणकट दिसली असली तरी घेऊ नये.